पांढरा राहिलेला ओपन स्पेस

अश्विनी,

तुझ्या नकाशात आपल्या कॉलनीचा ओपन स्पेस अजून पांढराच आहे. तुझे सर परवा आले होते. तुझं बागांच्या अभ्यासाचं काम ते पुरं करून घेणार आहेत. जाताना त्यांनी मोठा कागद उघडून नितीनला दाखवला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघितला. जळगावातल्या सगळ्या बागा हिरव्या, कुठं गडद, कुठं फिक्या. तलावाकाठची सगळ्यात गडद. आणि आपलं घर आहे तिथं, रस्त्यांच्या रेघांमध्ये, एक चौकोन कोरा.

सर म्हणाले, "एवढंच तिचं राहून गेलं बहुतेक."

मला सांगायचं होतं की ते राहून गेलेलं नाही, तिनं मुद्दाम ठेवलं आहे. आम्हा सासूसुनांचं भांडण मिटलं की ती त्यात रंग भरणार होती. पण परक्या माणसासमोर माझ्या तोंडून शब्द निघत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत. मी पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत आले.

मी चौथी शिकलेली. माझ्या वेलांट्या उकारांना तू हसायचीस. आता हसायला कोणी नाही, म्हणून जसं येतं तसं लिहिते.

भांडण हॉलचं होतं. ओपन स्पेसमध्ये कडेनं कडुलिंब, कोपऱ्यात एक करंज, मधे मोकळी जमीन. समोरचे नाना कॉलनीचं सगळं बघतात, त्यांनी तिथं हॉल बांधायचं काढलं, आणि मला तो हवा होता. आमचं गुरुवारचं भजन प्रत्येक वेळी कोणाच्या तरी घरी. त्या घरच्या पोरांचा अभ्यास अडतो, म्हाताऱ्याला टीव्ही बंद करावा लागतो, तो तोंड वाकडं करून बसतो. लताबाईंच्या घरी तर निम्म्या बायका जिन्यात. देवाचं नाव घ्यायला बायकांना एक हक्काचं छप्पर असावं, एवढंच माझं म्हणणं होतं.

तू पोळ्या लाटत होतीस. म्हणालीस, "हॉलला जागा करायला इकडची झाडं जातील. उरलेल्यांच्या बुंध्यापर्यंत फरशी येईल. मग मे महिन्यात भजन करायचं कुठं, पत्र्याखाली?"

"पंखे लावतील."

"लाईट गेली की?"

"तेव्हा घरी बसू."

"म्हणजे परत घरातच ना, आई."

मी तव्यावरची पोळी उलटली. तू हसलीस आणि म्हणालीस, "ठीक आहे. तुमचा हॉल झाला तर मी नकाशात राखाडी रंग भरीन. नाही झाला तर हिरवा. तोपर्यंत पांढरं राहू दे. बघू कोण जिंकतं."

अशी भांडायचीस तू. आवाज न चढवता, पिठाच्या हातानं. माझ्या सासूसमोर मी कधी मान वर केली नव्हती, आणि तू माझ्याशी भांडता भांडता माझ्याच ताटात तूप वाढायचीस.

तू गेल्यावर दारावर बायका आल्या. तुझ्या आईला धरून रडल्या, नितीनच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्याजवळ आल्या की त्यांचा आवाज बदलायचा. "आक्का, आता घर तुम्हालाच बघायचं." एकीनं तर माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "पोराचं वय काही फार नाही. पुढचं बघावं लागेल." तुझ्या फोटोपुढचा दिवा तेव्हा नुकताच लावलेला होता. सासूनं सुनेसाठी किती रडायचं याचं माप लोकांजवळ तयार असतं. कमी रडली तर दगडाची, जास्त रडली तर देखावा करते. मी पदर ओढून भिंतीला टेकून बसले आणि शेजारून आलेल्या चहाच्या किटलीकडं बघत राहिले.

मागच्या उन्हाळ्यात तू मला पहिल्यांदा बरोबर नेलंस तेव्हा मला वाटलं, फिरायला नेते आहेस. बागेत पोचलो तर तू पिशवीतून टेप काढलास, दोन थर्मामीटर काढले. एक झाडाखाली लटकवलास, दुसरा बाहेर रस्त्याच्या कडेला उन्हात. मी विचारलं, "झाडाला ताप आला आहे का?" तू इतकी हसलीस की बाकावरची माणसं बघायला लागली. मग समजावून सांगितलंस. झाडाखाली किती थंड, रस्त्यावर किती गरम, ते मोजायचं. पाऊस पडला तर किती पाणी इथं जमिनीत मुरेल आणि किती गटारात जाईल, ते काढायचं. पाखरं कोणती, माणसं किती वेळ बसतात, का बसतात. सगळं नकाशावर मांडायचं, म्हणजे महापालिकेला कळेल की कोणती बाग गावाला किती देते.

त्या तापाची मी गंमत केली होती. मग तापानंच तू गेलीस, आता आमच्या घरात तो शब्द कोणी उच्चारत नाही.

मला का न्यायचीस तेही तू लपवलं नाहीस. एकटी बाई बागेत उभी राहून कागदावर लिहिते म्हटल्यावर भोवती माणसं जमतात, कोणी उगाच फोन नंबर मागतं. "सासू बरोबर असली की कोणी काही विचारत नाही. तुम्ही माझं लायसन्स आहात," असं म्हणायचीस. लायसन्स म्हणून का होईना, लग्नानंतर इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा काहीही काम नसताना झाडाखाली बसले. डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून तू उन्हात फिरायचीस आणि मी सावलीत पिशवी धरून. मधेच लांबून ओरडायचीस, "आई, पाणी प्या." मला लाज वाटायची, एवढ्या मोठ्यानं कोणी मला कधी पाणी प्यायला सांगितलं नव्हतं.

एका संध्याकाळी आपण ओट्यावर मेथी निवडत होतो. मी विचारलं, या सगळ्याला म्हणतात काय. तू म्हणालीस, "परिसंस्था सेवा." परिसंस्था कळलं नाही, पण सेवा कळलं, आणि तेच मला खटकलं.

"झाड आपली सेवा करतं?"

"हो ना. सावली देतं, हवा देतं."

"सेवा धाकट्यानं मोठ्याची करायची असते. देवाची, आईबापाची. झाड काय आपला गडी आहे?"

तू मेथीची जुडी खाली ठेवलीस. "मग काय म्हणायचं?"

"देणं म्हण. झाडाचं देणं."

"देणं म्हणजे उधारी वाटेल लोकांना. झाडाचं देणं फेडायचं राहिलंय."

"मग खोटं आहे का?"

"दान म्हणू?"

"दान करणारा पाटीवर नाव लावतो. झाड कुठं लावतं?"

मग म्हणालीस, पुस्तकात सेवाच लिहिलंय, मी बदलू शकत नाही, पण तुमच्यासाठी दुसरा शब्द शोधते. पुढं किती दिवस तू मधेच, कपडे वाळत घालताना, गॅस पुसताना, एकेक शब्द टाकून बघायचीस. "आई, आधार?" मी म्हणायचे, आधारचं कार्ड असतं. "आई, कृपा?" ती देवाची. "माया?" माया म्हटल्यावर मी थांबले होते. तू म्हणालीस, सर माया लिहू देणार नाहीत. तो शब्द सापडायचा राहिला. मला अजून सुचलेला नाही. आणि तुझं म्हणणंही मला अजून पटलेलं नाही, हे तुला मुद्दाम सांगते. तू गेलीस म्हणून मी पटवून घेणार नाही.

मला बरं नसलं की तू उशाशी चहा आणून ठेवायचीस. मी एकदा म्हटलं, "किती सेवा करतेस गं." तू लगेच म्हणालीस, "सेवा नाही, आई, चहा आहे."

धुळ्याची आठवण लिहिते. तुझ्या कामात धुळ्याच्या बागाही होत्या. आपण एसटीनं गेलो, माझ्या भावाकडं उतरलो. मी तिकडचीच, अहिराणीत वाढलेली. तू जामनेरची, तुला अहिराणी ऐकून कळायची, बोलता यायची नाही. बागेत म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या. तू त्यांच्यासमोर उकिडवी बसलीस आणि छान पुस्तकी मराठीत विचारलंस, "आजी, या बागेपासून तुम्हाला काय लाभ मिळतो?"

म्हातारी म्हणाली, "आजून ते काहीच नही भेटनं, माय. आधार जोडेल शे, बँकनं बी व्हई गयं."

अजून काही मिळालं नाही, आधार जोडलंय, बँकेचंही झालंय. ती कशाबद्दल बोलते तेच तुला आधी कळलं नाही. दुसरी पुढं सरकली. "मनं बी नाव लिख. हाई बाईले भेटस तं मले का बरं नही?" तिसरीनं पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली कागदं काढली. लाभ म्हटल्यावर योजनाच, दुसरं काय असणार. तू माझ्याकडं बघितलंस. मी पदर तोंडात धरून हसत होते, मला थांबवता येईना. तू जितकं सांगत गेलीस की पैसे नाहीत, सावली, हवा, तितक्या त्या बायका तुझ्याकडं संशयानं बघायला लागल्या. एकजण म्हणाली, "सावलीना बी फारम निंघना का आते?" सावलीचाही फॉर्म निघाला का आता, म्हणून सगळ्या हसल्या, आणि मग तूही.

शेवटी मी बोलले. अहिराणीत, खाली बघून, पण बोलले. "आठे का बरं येतस तुम्ही?" इथं कशाला येता, एवढंच विचारलं. पहिली म्हातारी म्हणाली, "घरमा करमस नही, माय." घरात करमत नाही. तू ते लिहून घेतलंस. मग त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली, सून काय म्हणते, गुडघे काय म्हणतात, आणि तुझा पेन थांबेना.

परतीच्या एसटीत तू माझं वाक्य घोकत होतीस आणि दर वेळी चुकवत होतीस. पारोळा येईपर्यंत मी हसून दमले. तेव्हापासून घरात सगळ्याच्या शेवटी शे लावायचीस. "भाकरी शे, भाजी शे, सासू बी शे, आते काय पाहिजे." नितीन चिडायचा, हे काय लावलंय. आता तो स्वतः ताटावर बसला की गप्प बसतो. मी भाकरी वाढते. भाकरी आहे, एवढंसुद्धा कोणी म्हणत नाही.

झाडांच्या बुंध्याची मापं घ्यायचं काम मला सगळ्यात आवडायचं. मोठ्या झाडाला एकटीचा हात पुरत नाही. टेपचं एक टोक तू धरायचीस, मी पलीकडून वळसा घालून आणून द्यायचे. मधे बुंधा, त्यामुळं आपण एकमेकींना दिसायचो नाही. फक्त आवाज. "धरलं का, आई?" "धरलं."

तोंडावर मला बोलता येत नाही, आणि बुंध्याआडून येतं, हे मला या वयात कळलं. तिथं मी तुला काय काय विचारलं. माहेरची आठवण येते का. नितीन रागावला तर हात तर उगारत नाही ना. तू म्हणालीस, "तुमचा मुलगा आहे, रागावला तर कपाट आवरत बसतो." मी माझ्या लग्नाचं सांगितलं, तुझ्या सासऱ्यांनी पहिलं वर्षभर मला नावानं हाक मारली नव्हती ते सांगितलं. हे मी माझ्या बहिणीलाही सांगितलेलं नाही.

आणि तलावाकाठच्या बागेत, त्या जुन्या वडाशी, तू पलीकडून म्हणालीस, "आई, डॉक्टर म्हणाले, मूल होणं कठीण आहे. नितीनला माहीत आहे. तुम्हाला सांगायचं राहिलं होतं."

मला खूप म्हणायचं होतं. म्हणायचं होतं की तू आहेस तेवढं पुरे आहे. की या घराला पोर पाहिजे असेल तर तूच ती आहेस. पण बाहेर पडलं ते असं, "टेप नीट धर, सुटतोय."

तू म्हणालीस, "धरलाय, आई." आवाज ओला होता की नाही, मला झाडाआडून कळलं नाही. पुढच्या गुरुवारी भजनानंतर लताबाईंनी नेहमीसारखं विचारलं, गोड बातमी कधी. मी म्हटलं, "आमच्या घरी तो विषय नाही. परत विचारू नका." माझ्यासारखीनं असं बोलल्यावर बायका टाळ गोळा करायला लागल्या. तू तेव्हा बाहेर चपला लावत होतीस. तुला ऐकू गेलं का? मला हे विचारायचं होतं आणि रोज वाटायचं, उद्या एखादं झाड मोजताना विचारीन. मग पाऊस लागला, मापं संपली, तू घरात लॅपटॉपपुढं बसायला लागलीस, आणि मधे आडोसा राहिला नाही.

हल्ली मी दुपारची दवाखान्याजवळच्या बागेत जाते. नितीनला सांगते, देवळात जाते. त्या बागेत तू सगळ्यात जास्त दिवस काम केलंस. तिथं फुलझाडं नाहीत, कारंजं बंद आहे, बाकांच्या फळ्या निघालेल्या. कॉलेजची पोरं तिकडं फिरकत नाहीत. तिथं पेशंटची माणसं येतात. पहूरची, जामनेरची, एरंडोलची. झाडाखाली डबा खातात, टॉवेल पसरून झोपतात, नळावर कपडे धुऊन कुंपणाला वाळत घालतात. तू म्हणायचीस, या बागेला दिसायला काही नाही, पण हिच्याइतकं काम कोणतीच बाग करत नाही.

तिथं एरंडोलकडची एक बाई बसली होती, आठवतं? नवरा आत भरती होता. तू विचारलंस, इथं का येता. ती काही बोलेना. मग मी विचारलं आमच्या बोलीत. तिनं पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "आठे रडता येस. तठे मालक देखतस."

इथं रडता येतं, तिथं नवरा बघतो. तू पेन उचललास आणि तसाच ठेवलास. घरी येताना रिक्षात म्हणालीस, "आई, सावली मोजली, पाणी मोजलं. हे कुठल्या खान्यात घालू?" मी म्हणाले, घालू नको कुठं, असू दे. तू म्हणालीस, नाही, घातलं पाहिजे, नाहीतर उद्या कोणी म्हणेल ही बाग रिकामी आहे, गाळे बांधा. त्यावर आपलं परत थोडं वाजलं. बाईच्या रडण्याचाही नकाशा करायचा का, मला ते बरं वाटलं नव्हतं.

आता मी त्याच झाडाखाली बसते. घरी तुझी आई येते तेव्हा तिचं दुःख मोठं, तिच्यासमोर मी काय रडू. नितीनसमोर रडले तर तो कोसळेल. बायकांसमोर रडायचं माप ठरलेलं आहे. बागेत कोणी बघत नाही. लोकांना वाटतं, हिचंही कोणी आत भरती असेल. काल एका बाईनं विचारलं, "कोण आहे तुमचं?" मी म्हटलं, "सून." ती म्हणाली, "होईल बरी. देवावर भरोसा ठेवा." मी मान हलवली. तिला खरं सांगवलं नाही, आणि तिनं म्हटलेलं ऐकून क्षणभर मला बरंही वाटलं, अश्विनी. जसं काही तू खरंच आत आहेस आणि मी डबा घेऊन बाहेर थांबले आहे.

तेव्हा ते रडणं तुझ्या खान्यात घालायचं म्हणत होतीस, घाल. त्या एका बाबतीत मी हरले.

तुझं दिवसकार्य, गंधमुक्ती उरकली आणि पुढच्या रविवारी संध्याकाळी नानांनी ओपन स्पेसमध्ये बैठक बोलावली. मी जाणार नव्हते. लताबाई हात धरून घेऊन गेल्या. नितीन म्हणाला, तू जा, मला नको. पुरुष खुर्च्यांवर, बायका कडुलिंबाखाली सतरंजीवर. नानांनी आधी तुझ्यासाठी सगळ्यांना उभं केलं. मग चांगलं बोलले, खोटं नव्हते बोलत. "आपल्या कॉलनीची शिकलेली सून. झाडापानांवर जीव होता तिचा. तिची आठवण राहिली पाहिजे. हॉलचं काम आता लांबवायला नको. मी म्हणतो, हॉलला तिचंच नाव देऊ."

सगळ्यांनी माना हलवल्या. लताबाई मुसमुसायला लागल्या, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. कोणीतरी म्हणालं, घरच्यांना विचारा. नाना म्हणाले, "आक्का काय नाही म्हणणार? त्यांची तर पहिल्यापासून इच्छा आहे."

आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मान हलवली असती तर झालं असतं. माझ्या मनातला हॉल उभा राहिला असता, वर तुझं नाव, आणि दर गुरुवारी मी त्या नावाखालून आत जाऊन टाळ वाजवले असते. तुला नको असलेली भिंत तुझ्याच नावाची. मी उठले कशी ते मला आठवत नाही.

"तिच्या नावानं नको," मी म्हटलं.

कोणाला ऐकू गेलं नाही. लताबाई म्हणाल्या, "मोठ्यानं बोला ना, आक्का."

"तिच्या नावानं हॉल नको. तिला हॉल नको होता."

नाना समजुतीच्या आवाजात म्हणाले, "अहो आक्का, ते घरातलं बोलणं. आता ती बिचारी नाही."

"म्हणूनच म्हणते. असती तर इथं येऊन भांडली असती. तिला येता येत नाही, तर तिचं नाव तिच्याच विरुद्ध लावू नका."

मागच्या खुर्चीवरून कोणी म्हणालं, "म्हणजे तुम्हाला आता हॉल नको?"

इथं माझी जीभ अडली. नको म्हणणं सोपं होतं. तुझ्यासाठी नको म्हटलं असतं तर लोकांनी वाहवा केली असती. पण ते खरं नव्हतं, आणि खोटं बोलून तुझी बाजू घेतलेली तुला चालली नसती.

"मला हवा आहे," मी म्हटलं. "अजून हवा आहे. पण आमचं दोघींचं ठरायचं होतं. तिला पटवून झाला असता तर झाला असता. ती मेली म्हणून व्हायला नको."

मेली हा शब्द मी तोपर्यंत तोंडातून काढला नव्हता. तो सगळ्यांसमोर निघाला.

वरून लिंबाचा पाला पडत होता, सतरंजीवर, बायकांच्या पदरांवर. नानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, "बरं. वर्ष होऊ द्या मग. वर्षश्राद्धानंतर बघू." लगेच एकजण म्हणाला, तोवर सिमेंट महाग होईल. दुसरा त्याला गप्प बस म्हणाला. बैठक उठली.

झाडं वाचली असं मी म्हणत नाही. वर्ष काय, निघून जाईल. तेव्हा ते परत विचारतील, आणि तेव्हा माझं मत काय असेल मलाच माहीत नाही. छप्पर पाहिजे असं वाटतंच. पावसात बायका भिजतातच.

येताना लताबाई बाजूनं चालत म्हणाल्या, "तुम्हाला बोलता येतं की हो, आक्का." मी भरभर चालत होते. लग्न होऊन या गावात आल्यापासून पुरुषमाणसांत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी त्यांच्यासमोर उभी राहून बोलले, नानांना उलट बोलले. हे घरी जाऊन सांगायची मला घाई झाली होती. जिना चढताना मनात जुळवत होते, नाना काय म्हणाले, मी काय म्हणाले, कुठं अडले. कुठं हसायचं तेही. दार लोटलेलं होतं. चपला काढल्या आणि आत येता येता हाक मारली, "अश्विनी, ऐकलं का."

नितीन पुढच्या खोलीत बसला होता. त्यानं वर बघितलं. मी तिथंच उभी राहिले.

मग तो म्हणाला, "मला सांग, आई."

मग मी त्याच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं, पहिल्यापासून. हॉल मला का हवा होता तेही, झाडांचं तुझं म्हणणंही. तो ऐकत होता. तू अडवायचीस तसं मधे कुठंच अडवलं नाही, उलट काही विचारलं नाही. माझ्या बोलण्याला हो म्हणत होता, तुझ्या बोलण्यालाही हो म्हणत होता.